लाल पट्टी कुणी पाहिली?

१

परांचीवरून पडलेला गवंडी पडण्याने मेला नाही. पाय मोडला होता, डोक्याला मार होता, पण तो वाचणार होता. तसं डॉक्टरांनी त्याच्या मुलीला सांगितलंही होतं. तो मेला संध्याकाळच्या एका इंजेक्शनने. त्या औषधाची त्याला ॲलर्जी होती, आणि कहर म्हणजे ही गोष्ट दुपारपासूनच इस्पितळाच्या नोंदीत होती. मुलगी धावतपळत आली, तिने आल्या आल्या डॉक्टरला सांगितलं, डॉक्टरने लगेच नोंद केली. सगळं कसं नियमाला धरून झालं होतं, आणि माणूस मात्र गेला होता.

ते इंजेक्शन दिलं मावशीच्या भाचीने.

भाची त्याच वॉर्डात नर्स होती. तिथे प्रत्येक रुग्णाचं पान संगणकाच्या पडद्यावर दिसतं. एखादं औषध रुग्णाला चालत नसेल तर पानाच्या माथ्यावर लाल पट्टी येते. सुई उचलण्याआधी पट्टी बघायची, हे नर्सला पहिल्या दिवशी शिकवतात. भाची म्हणत होती की तिने पाहिलं होतं आणि पट्टी नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशी समितीने तेच पान उघडलं, तर पट्टी आपली ठसठशीत, लालभडक, आंधळ्यालाही दिसावी अशी. समितीने पान छापून तिच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, ही काय मग?

तेव्हापासून रोज तिला बोलावत होते. रोज तेच छापलेलं पान पुढे आणि रोज तोच प्रश्न. शुक्रवारी शेवटची सुनावणी होती. निष्काळजीपणा सिद्ध झाला तर नर्स म्हणून तिचं नाव कायमचं कापलं जाणार आणि प्रकरण पोलिसांकडे जाणार, हे तिला स्वच्छ सांगितलं होतं.

माय मरो पण मावशी उरो, असं म्हणतात. या घरात ते तसंच झालं होतं. भाचीची आई ती शाळेत असतानाच गेली, आणि मावशीने लग्नबिग्न विसरून पोरीला वाढवलं. मावशीचा जन्म गेला दुसऱ्यांचे साचे दुरुस्त करण्यात. साचा म्हणजे काय, तर माहिती एक्सएमएल नावाच्या कोरड्या रूपात साठवलेली असते, नुसत्या चौकटीत चौकट. तिचं माणसाला वाचता येईल असं वेबपान बनवणारी जी फाईल असते, ती. काय दाखवायचं, काय नाही, हे त्या साच्यातल्या अटी ठरवतात. चुकलेली अट सापडेपर्यंत या बाईच्या घशाखाली घास उतरत नसे. हापिसात तिला सगळे ‘भिंग’ म्हणत, तोंडावरसुद्धा. आता निवृत्त झाली होती, गुडघे गेले होते, जीभ मात्र शाबूत होती.

“मावशी, पट्टी नव्हती,” भाची पहिल्या दिवशी म्हणाली होती. “वरची जागा पांढरी होती. मी बघितलं आणि मगच सुई भरली. तुझ्या गळ्याशपथ.”

“माझा गळा राहू दे,” मावशी म्हणाली. “मग पडदा खोटं बोलला. बघते त्याच्याकडे.”

आरोप असलेल्याला आपल्या बाजूचा एक जाणकार आणता येतो, असा नियम होता. मावशीने गुडघ्याला पट्टा बांधला आणि इस्पितळ गाठलं.

२

साचा लिहिणारा माणूस तळमजल्यावर बसत असे. जाड भिंगांचा चष्मा, म्हणून सगळे त्याला चष्मेवाला म्हणत. मावशीला बघताच त्याच्या कपाळावर घाम आला. चोराच्या मनात चांदणं, असं मावशीला वाटलं. तिचा संशय सरळ होता. गवंडी गेला तेव्हा साच्यात काहीतरी बिघाड असणार, आणि याने सकाळ व्हायच्या आत गुपचूप दुरुस्त करून अंगावरची पाल झटकली असणार.

तिने सरळ विचारलं. तो चिडला नाही, रडकुंडीला आला. आठवडाभर मी हेच करतोय मॅडम, म्हणाला, माझीच चूक शोधतोय, सापडत नाही. मग त्याने साच्याच्या जुन्या प्रती काढून दिल्या. रोजची एक प्रत आपोआप दुसऱ्या ठिकाणी साठत होती आणि तिथे त्याचा हात पोचत नव्हता. मावशीने गवंड्याच्या दिवसाची प्रत, आदल्या महिन्याची प्रत आणि आजची प्रत शेजारी शेजारी लावून ताडून पाहिल्या. तिळाचाही फरक नव्हता. साच्याला कुणी हात लावला नव्हता.

मग तिने ती अट वाचली. अट एवढीशी होती. साचा नोंदीला विचारतो, ‘ॲलर्जी नाही’ असं लिहिलंय का? हो असेल तर वरची जागा रिकामी सोडतो आणि पुढे जातो. हो नसेल तर लाल पट्टी लावतो. अशा अटींची एक खोड असते. पहिल्या होकाराला त्या थांबतात. एकदा हो मिळालं की पुढचं काही वाचतच नाहीत. मावशीने एक निरोगी रुग्ण घालून बघितला. पट्टी आली नाही, बरोबर. ॲलर्जीवाला घातला. पट्टी आली, बरोबर. मग गवंड्याचीच नोंद घातली. लालभडक पट्टी माथ्यावर येऊन बसली.

“पडदा बिघडला असेल,” चष्मेवाला आशेने म्हणाला.

“पडदा बिघडला तर सगळं पान जाईल,” मावशी म्हणाली. “नेमकी पट्टीच खायला त्याला काय डोहाळे लागलेत?”

बोलून गेली खरी, पण हिशेब तिच्यापुरताही जुळत नव्हता. साचा स्वच्छ, नोंद स्वच्छ, पट्टी हजर. मग राहिली कोण? आयुष्यभर तिने एकच गोष्ट मानली होती, की यंत्र सांगेल ते ऐकायचं आणि माणसांच्या गप्पा बाजूला ठेवायच्या. आज यंत्र तिच्या पोरीविरुद्ध साक्ष देत होतं.

घरी आली तेव्हा भाची खिडकीपाशी बसली होती. आज काय विचारलं, असं मावशीने विचारलं. तेच, म्हणाली. आणि मग मान न वळवता म्हणाली, “असेलही गं मावशी. दमले होते मी. असेलही पट्टी.”

३

आता मावशीला दुसऱ्या मार्गाने जाणं भाग होतं. यंत्र सांगत नसेल तर माणसांना विचारा.

इंजेक्शन सांगणारा सर्जन भेटला तो जिन्यात, घाईत. ऑपरेशन सोडून बाहेर येणं शक्य नव्हतं म्हणून त्याने फोनवर सांगितलं होतं की पट्टी बघ आणि दे. भाची काय म्हणाली होती, हे त्याला आता नेमकं सांगता येत नव्हतं. “काही नाही सर” म्हणाली की “बघते सर” म्हणाली, देव जाणे. आधी त्याने समितीला पहिलं सांगितलं होतं. मग छापलेलं पान पाहिलं आणि आता दुसरंच खरं वाटू लागलं होतं. माणूस वाईट नव्हता. स्वतःचा हात दगडाखालून काढून घेत होता, एवढंच.

दुपारी नोंद करणारा डॉक्टर तरुण होता. त्याने शपथेवर सांगितलं की मुलीने औषधाचं नाव घेतलं आणि त्याने तिच्यासमोर ते टाकलं. ते खरंच होतं; नोंद समोर दिसत होती. वॉर्डातलं पान त्याने उघडून बघितलं नव्हतं. डॉक्टरांचा भरायचा पडदा वेगळा असतो, त्यावर पट्टीबिट्टी काही नसते.

मग मावशी दाखल करून घेण्याच्या खिडकीपाशी गेली. तिथल्या बाईंना बोलायला माणूस हवाच होता. गवंड्याला आणलं तेव्हा तो बेशुद्ध होता, म्हणाल्या, बरोबर कामावरचा एक मजूर, त्याला गवंड्याचं धड आडनाव ठाऊक नाही. ॲलर्जीचा रकाना रिकामा सोडला तर यंत्र पुढेच सरकत नाही. माणूस दारात रक्ताने माखलेला पडलाय आणि यंत्र अडून बसलंय! म्हणून सगळेच करतात तसं त्यांनीही ‘ॲलर्जी नाही’ टाकलं आणि माणूस आत पाठवला. नंतर घरचे आले की खरी माहिती भरतात.

“मग तुमचं ते ‘नाही’ खोडतात का?” मावशीने सहज विचारलं.

“छे हो. खोडता येतच नाही आता. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी नोंद खोडून लबाडी केली, तेव्हापासून नियम झाला. उपचार चालू असेपर्यंत एक अक्षर पुसायचं नाही. नवं काही कळलं तर खाली आणखी एक नोंद घालायची.”

मावशी खिडकीचा कठडा धरून उभी राहिली. गवंड्याच्या नोंदीतला ॲलर्जीचा भाग तिने स्वतः चष्मेवाल्याकडे पाहिला होता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. तिथे ॲलर्जीची नोंद एकच होती, ती डॉक्टरची. बाईंनी टाकलेलं ‘नाही’ तिथे नव्हतं.

जे कुणालाच पुसता येत नव्हतं, ते कुणीतरी पुसलं होतं.

४

दप्तराचा माणूस वरच्या मजल्याच्या टोकाला बसायचा. खोली इतकी नीटनेटकी की पाय ठेवायला संकोच वाटावा. त्याला सगळे दप्तरवाला म्हणत. आयुष्यात एकही नोंद अर्धवट ठेवली नाही, हा त्याचा अभिमान. पुसण्याचं नाव काढताच तो दुखावला.

“मी पुसत नाही हो बाई, बाजूला सरकवतो. रुग्ण घरी गेला किंवा वारला की त्याची नोंद बंद करायची असते. बंद करताना जुन्या, नंतर बदललेल्या नोंदी काढून खाली ‘पूर्वइतिहास’ या कप्प्यात टाकायच्या. नियमच आहे तसा. मी केला नाही तर बोंब होईल.”

“गवंड्याची कधी बंद केलीत?”

“तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आल्या आल्या. चौकशीवाले यायच्या आत. म्हटलं, एवढी मोठी माणसं बघणार, नोंद जरा ठाकठीक नको?”

मावशी खुर्चीत बसली. दप्तरवाल्याला वाटलं बाईंना भोवळ आली. तो बिचारा पाणी आणायला धावला. तिला भोवळ आली नव्हती. तिला कळलं होतं.

तशीच ती लंगडत तळमजल्यावर गेली. चष्मेवाल्याला तिने एक खोटा रुग्ण बनवायला लावला. त्याच्या नोंदीत आधी ‘ॲलर्जी नाही’ घाला, म्हणाली, आणि त्याच्या खाली औषधाचं नाव. दोन्ही राहू द्या. चष्मेवाल्याने घातलं आणि पान उघडलं.

वरची जागा पांढरी होती.

“आता ते ‘नाही’ काढून खालच्या कप्प्यात टाका,” मावशी म्हणाली. त्याने टाकलं. पट्टी आली. परत वर आणलं. पट्टी गेली. चष्मेवाल्याने चष्मा काढला आणि तळव्यांनी डोळे दाबून धरले.

मावशीने मग त्याने न विचारताच समजावून सांगितलं, कारण तिला स्वतःला ऐकायचं होतं. साच्याचा प्रश्न होता, इथे ‘ॲलर्जी नाही’ असं लिहिलंय का? एकच नोंद असते तेव्हा हा प्रश्न सरळ आहे. पण नोंदी दोन झाल्या की साचा त्यांपैकी एखादी तरी जुळते का एवढंच बघतो. एक जुळली की हो. आणि पहिल्या होकाराला तो थांबतो. खाली मरणाचं औषध लिहिलेलं असलं तरी तिथवर तो जात नाही. गवंडी जिवंत होता तोवर त्याच्या नोंदीत दोन्ही गोष्टी होत्या, म्हणून पट्टी नव्हती. तो मेल्यावर दप्तरवाल्याने पहिली सरकवली आणि पट्टी उगवली. त्यानंतर ज्याने ज्याने पान उघडलं त्याला ती दिसली. समितीला, सर्जनला, आणि पहिल्या दिवशी तिला स्वतःलाही.

“मी लिहिलं तेव्हा नोंद एकच असायची हो,” चष्मेवाला पुटपुटला. “खोडून नवी करायचे. नियम बदलला ते मला कुणी सांगितलंच नाही.”

“आधी दुरुस्त करा,” मावशी म्हणाली. “रडायला नंतर वेळ आहे. वॉर्डात या घडीला अशी किती माणसं पडली असतील.”

त्याने तिथल्या तिथे प्रश्न उलटा केला. ‘नाही’ सोडून दुसरं काही लिहिलंय का, हे आधी विचारायचं. असेल तर लाल. मग त्याने वॉर्डाची पानं ताजी केली, आणि मावशीच्या देखत जिथे आजवर पांढरं होतं तिथे कित्येक पानांवर लाल पट्ट्या उमटल्या. चष्मेवाला उठून तडक वॉर्डाकडे पळाला.

घरी जाऊन मावशीने भाचीला सगळं सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, बोटांवर मोजून. तू बरोबर होतीस, म्हणाली, पट्टी नव्हतीच, असूच शकत नव्हती. भाचीने ऐकून घेतलं. मान हलवली. बरं, म्हणाली, आणि ताट तसंच ठेवून उठली. मावशीला वाटलं, पोर थकलीय. उद्या सुनावणी झाली की जिवात जीव येईल.

५

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होतं. मध्ये समितीचे अध्यक्ष, एक म्हातारे डॉक्टर. मागच्या खुर्चीवर गवंड्याची मुलगी बसली होती, हातात ओढणीचं टोक पिळत.

मावशीने खोटा रुग्ण पडद्यावर दाखवला. पट्टी नाही, मग आहे, मग नाही. चष्मेवाल्याने कबूल केलं. खिडकीतल्या बाईंनी कबूल केलं. दप्तरवाल्याने तारीखवार सांगितलं. जन्मात एवढं चोख काम मावशीने केलं नव्हतं. अध्यक्ष दोनदा ‘अरेरे’ म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

मग मागून गवंड्याची मुलगी उभी राहिली. बोलायची परवानगी मागायचं तिला सुचलं नाही.

“मी सांगितलं होतं,” ती म्हणाली. “डॉक्टरांनी लिहिलं होतं. मग चूक कुणाची?”

खिडकीतल्या बाईंनी माणूस वाचवायला रकाना भरला होता. नियम करणाऱ्यांनी लबाडी थांबवायला नियम केला होता. चष्मेवाल्याने त्या वेळच्या मानाने बरोबर लिहिलं होतं. दप्तरवाल्याने नोंद ठाकठीक केली होती. मावशीने पुरावा मांडताना प्रत्येकाला एकेक करून सोडवलं होतं, आणि आता त्या पोरीपुढे ठेवायला टेबलावर काहीच उरलं नव्हतं. ती वाट बघत तशीच उभी राहिली.

अध्यक्ष भाचीकडे वळले. केवळ नोंदीपुरतं विचारतो, म्हणाले. “सिस्टर, त्या संध्याकाळी तुमच्या पडद्यावर पट्टी नव्हती. बरोबर?”

भाची त्यांच्याकडे बघत नव्हती. ती मुलीकडे बघत होती.

“होती,” ती म्हणाली.

मावशीला वाटलं, ऐकण्यात चुकलं.

“होती सर. मी पाहिली. घाईत होते, लक्ष दिलं नाही.”

“ती पाहूच शकत नाही,” मावशी उठून म्हणाली. “आत्ता दाखवलं ना तुम्हाला. तुम्ही रोज छापलेलं पान तिच्यापुढे नाचवलंत, तेच तिला दिसतंय. नोंदीत दोन्ही गोष्टी असताना पट्टी येत नाही. येऊच शकत नाही.”

“बाई, साच्यात दोष आहे हे आम्हाला मान्य आहे,” अध्यक्ष सावकाश म्हणाले. “पण जी तिथे होती तीच सांगतेय.” त्यांच्या आवाजात सुटका झाल्याचा हलकेपणा होता, आणि त्याची त्यांना स्वतःलाच लाज वाटत असावी, कारण त्यांनी मान खाली घालून लिहायला घेतलं. मावशी आणखी बरंच बोलली. ते सगळं शांतपणे ऐकून घेण्यात आलं. मुलगी मात्र भाचीचं उत्तर ऐकून खाली बसली होती, आणि पहिल्यांदाच मोठ्याने रडत होती.

बाहेर कॉरिडॉरमध्ये एक बाक होता. दोघी तिथे बसल्या. पोटच्या पोरीपरीस जपलेली पोर, आणि तिने आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

“खोटं का बोललीस?”

“खोटं नाही गं. मला दिसते ती. इथे, वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत.” भाचीने हवेत बोट फिरवलं. तिचा आवाज कित्येक दिवसांनी स्थिर होता. “तू सांगितलंस ते मला कळलं. नव्हती, हे पटतंसुद्धा. पण नव्हती म्हटलं तर मी सगळं बरोबर केलं, मावशी. आधी बघितलं, मग सुई भरली, मग त्यांचा हात हातात घेतला. सगळं बरोबर केलं आणि माणूस मेला. मग मी उद्या कुणाला सुई कशी टोचू? परवा कशी टोचू? होती म्हटलं की निदान लक्ष द्यायचं राहिलं होतं. लक्ष दिलं असतं तर ते वाचले असते.”

जन्मभर मावशीपुढे जो तो आपली चूक नाही म्हणत आला होता, आणि चूक कुठे आहे हे तिने ज्याच्या त्याच्या पदरात नेमकं घातलं होतं. चूक मागायला आलेलं माणूस तिला कधी भेटलं नव्हतं. तिच्याकडे द्यायला पुरावा होता, तो देऊन झाला होता.

आतून शिपाई आला. सिस्टरना सहीला बोलावलंय, म्हणाला. भाची उठली, ओढणी नीट केली आणि आत गेली.

मावशीने उठायचा प्रयत्न केला, पण गुडघ्याने साथ दिली नाही. ती पुन्हा बाकावर बसली.